आखूड झालेली मासेराटी

१

गाडी आखूड झाली होती.

प्रदर्शनाला आठवडा उरला होता. शनिवारी दुपारी मॉडेल गाड्यांच्या क्लबच्या खोलीतलं काचेचं कपाट उघडलं आणि एर्मेस मालागोलीने आपल्या बायकोची गाडी तिच्या लाकडी पाटासकट बाहेर काढून टेबलावर ठेवली. लाल रंगाची, उघडी, दोन माणसांची मासेराटी. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याच्या मापाची, तळहातापेक्षा जराशी लांब. आफ्राने रंगवलेली ही शेवटची गाडी. त्यानंतर औषधांनी तिच्या बोटांची जाणीव गेली आणि गेल्या हिवाळ्यात ती स्वतः गेली. बाकीच्या गाड्या तिने आयुष्यभर विकल्या नाहीतर वाटून टाकल्या. तिच्या हातचं म्हणून एर्मेसकडे एवढंच उरलं होतं.

तो पाटावरची धूळ पुसायला वाकला आणि तसाच थांबला.

आफ्रा गाडी पाटाला स्क्रूने कधीच बांधत नसे. स्क्रू मारला की गाडी उभी राहत नाही, टांगली जाते, असं तिचं म्हणणं. ही गाडी चार उन्हाळे एकाच जागी नुसती उभी होती. टायरच्या रबरातलं तेल हळूहळू पाटाच्या राखाडी रंगात उतरलं होतं आणि चार चाकांखाली चार काळे डाग पडले होते. आता पुढच्या दोन्ही डागांची कड टायरच्या पुढे डोकावत होती, नखाच्या कडेएवढी. एर्मेसने बोटाने गाडी पुढे सरकवली. पुढची चाकं डागांवर बसली, तर मागची डागांवरून पुढे आली.

"ही तिची गाडी नाही," तो म्हणाला.

खोलीत आणखी तिघं होते. मिरेल्ला कावाझ्झुती, क्लबची चिटणीस आणि आफ्राची शिष्या, नावांच्या पाट्या कापत होती. नेव्हिओ रीगी, ज्याने या गाडीचा आकार घडवला, खिडकीपाशी सिगरेट ओढत होता. आणि औषधांच्या दुकानाचे मालक वेझालीसाहेब, जे गाड्या बनवत नसत, फक्त जमवत, ते खुर्चीत बसून सगळ्यांना सूचना देत होते.

मिरेल्लाने कात्री खाली ठेवली. ती टेबलाजवळ आली, गाडीकडे पाहिलं आणि लगेच म्हणाली, "ओल धरली असेल पाटाने. लाकूड फुगतं, एर्मेस."

"फुगतं ते रेषांना आडवं. इथे रेषा गाडीच्या लांबीने आहेत. लांबी कशी वाढेल?"

"तुला बरं वाटत नाहीये का? घरी सोडू का मी?"

"मला बरं वाटतंय. गाडीला विचार."

नेव्हिओने सिगरेट विझवली, जवळ येऊन गाडी प्रकाशात धरली आणि बराच वेळ फिरवून पाहिली. "नक्कल आहे," तो शेवटी म्हणाला. "साच्यातून ओतलेली. रेझिन घट्ट होताना आकसतं, थोडंसंच. मूळ गाडीवरून साचा घेऊन कोणीतरी दुसरी काढली. छान काढलीय."

"आणि मूळ?" वेझालींनी विचारलं.

एर्मेस तिघांचे चेहरे पाहत होता. त्याने चाळीस वर्षं विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासल्या होत्या. चेपलेल्या पत्र्याजवळ उभं राहून माणसं कशी खोटं बोलतात हे त्याला पाठ होतं. बहुतेक वेळा ती गाडीकडे बघत नसत. आता या खोलीत दोन जण गाडीकडे बघत नव्हते.

२

कपाटाची किल्ली खालच्या बारमध्ये कॉफीच्या मशीनशेजारी खिळ्याला टांगलेली असे. ती कोणीही घेऊ शकला असता, म्हणून तिचा विचार करण्यात अर्थ नव्हता. एर्मेसने वेळेचा विचार केला. साचा घ्यायचा, ओतायची, घासायची, रंगाचे थर, मध्ये वाळवण, मग पॉलिश. हे रात्रीत होणारं काम नव्हतं, आठवडे लागतात. आणि तो दर गुरुवारी क्लबात येऊन गाडी बघत होता. कपाट इतके दिवस रिकामं एकदाच राहिलं होतं. फेब्रुवारीतल्या कार्निव्हलनंतर खोलीचं रंगकाम उन्हाळ्यापर्यंत रेंगाळलं तेव्हा सगळ्या गाड्या मिरेल्लाच्या घरी गेल्या होत्या, कारण तिच्याकडे कोरडं कपाट होतं.

तरी तो आधी वेझालींकडे गेला. आफ्राच्या गाडीसाठी त्यांनी आजवर तीनदा विचारलं होतं. एकदा तर दफनभूमीच्या दारात.

वेझालींची खोली दुकानाच्या मागे होती. भिंतभर कपाटं, आत खोकी, एकही न उघडलेलं.

"या, मालागोली, झडती घ्या," ते म्हणाले. "बायकोला सांगतो कॉफी टाकायला. झडती घेणाऱ्याला आमच्याकडे कॉफी देतात."

"तुम्हाला हवी होती ती गाडी."

"अजून हवी आहे. पण मी चोरली असती तर ती इथे असती." त्यांनी मधल्या रिकाम्या फळीवर हात ठेवला. "जागा करून ठेवली होती मी, लपवत नाही. तुम्ही आज ना उद्या द्याल असं वाटायचं."

"साचा कोणाकडून तरी करून घेतला असेल."

वेझाली हसले नाहीत. त्यांना खरंच लागलं. "मी तिला साच्यात घालू देईन? सिलिकोन अंगावर ओतू देईन? अहो, मी खोक्याचं झाकण उघडत नाही, हवा लागेल म्हणून. ते उद्योग तुम्हा लोकांचे. तुम्ही म्हणजे तुम्ही नाही, तुम्ही तर काहीच बनवत नाही. ते बनवणारे. ठोकतात, कापतात, खरवडतात. त्यांच्या हातात मी माझी एक गाडी देणार नाही."

"शेवटची नीट कधी पाहिलीत?"

"मिरेल्लाबाईंच्या घरी. फोटो काढायला गेलो होतो. भिंग लावून इंच न् इंच पाहिली. खरी होती, आरशापासून शेपटीपर्यंत ठीकठाक. परत गेलो तेव्हा नव्हती. बाई म्हणाल्या, आरसा सैल झाला होता म्हणून नेव्हिओ घेऊन गेला."

"आरसा सैल होता?"

"आता तेच तर सांगतोय," वेझाली म्हणाले. "नव्हता."

३

नेव्हिओचं गॅरेज गावाबाहेर, नदीच्या बांधाला लागून. काही वर्षांपूर्वी पाणी आत शिरलं होतं, भिंतीवर त्याची रेघ अजून होती. नेव्हिओने घरच्या अक्रोडाच्या दारूची बाटली काढली. ओतताना बाटलीचं तोंड पेल्यावर किणकिणलं. स्वतःचा पेला त्याने दोन्ही हातांत धरला.

"आरसा," एर्मेस म्हणाला.

"हो, नेली होती. मिरेल्लाने सांगितलं का? बरं झालं. आरशाची काडी हलत होती. एक थेंब लावला आणि परत दिली. त्यानंतर तिच्याकडे किती दिवस होती ते तिला विचार."

"वेझाली म्हणतात आरसा ठीक होता."

"वेझालीला आरसा आणि औषधाची बाटली यातला फरक कळतो का? तो खोकी जमवतो. खोक्यात दगड घालून दिले तरी त्याला पत्ता लागणार नाही." नेव्हिओ पुढे झुकला. "माझं ऐक. वेझालीने बाहेरच्या कुणाकडून तरी करून घेतलंय. असली माणसं असतात, रंगवलेल्या गाडीवरच साचा ओततात. रंगाच्या थराने दाराच्या रेषा भरून जातात, कडा गोल होतात आणि गाडी साबणाची वडी होते. आफ्राच्या गाडीची साबणाची वडी केली त्या हरामखोरांनी."

एर्मेसने पेला संपवला. तीस वर्षांची ओळख होती. नेव्हिओ आकार कोरायचा, आफ्रा रंग द्यायची. रविवारी दोघं एर्मेसच्याच स्वयंपाकघरात बसून भांडायची आणि तो त्यांच्यासाठी पिठाचे तुकडे तळायचा.

"या गाडीचा मूळ नमुना तुझ्याकडे असेल ना? तू लाकडात कोरलेला?"

"गेला पुरात. फुगला आणि फुटला. साचे तर कधीच फाटले होते. ती गाडी होती तेवढीच." नेव्हिओने बाटलीला बूच लावलं. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा बसलं. "तू दमलायस, एर्मेस. घरी जा. हे मी बघतो."

बांधावरून चालत येताना एर्मेसच्या डोक्यात साबणाची वडी फिरत होती. त्याने टेबलावर गाडी पाहिली होती तेव्हा काय वाटलं होतं? की ही हुबेहूब तिचीच आहे. डागांनी सांगितलं नसतं तर कळलंही नसतं.

साबणाच्या वडीला कोणी हुबेहूब म्हणत नाही.

४

तो क्लबात गेला, बारमधून किल्ली घेतली आणि नक्कल घरी आणली. आफ्राचं कामाचं टेबल त्याने आवरलं नव्हतं. दिवा तसाच, भिंग तसंच, ब्रशांची बरणी तशीच. तिच्या खुर्चीत बसायला त्याला अजून जमत नसे, म्हणून तो उभ्यानेच वाकला.

दाराची रेषा सुरीने ओढल्यासारखी होती. बॉनेटवरच्या हवेच्या खाचा सुट्या सुट्या मोजता येत होत्या. मागच्या झाकणाची कड इतकी धारदार की नख अडकावं.

एर्मेसने भिंग खाली ठेवलं.

अपघाताच्या गाडीत तो नेहमी आधी एक प्रश्न विचारायचा: इथे काय असायला हवं होतं आणि नाही? इथे रंगाचा थर असायला हवा होता. साचा जिथे लागतो तिथलं सगळं उचलतो, रंगाची जाडीसुद्धा. या नकलेत ती कुठेच नव्हती. म्हणजे साचा ओतला तेव्हा आफ्राची गाडी उघडी होती. अंगावर रंग नव्हता.

कोणीतरी आधी तिचा रंग उतरवला होता.

आता तो बसला. तिच्याच खुर्चीत, लक्षात न येता. शनिवारपासून त्याच्या मनात होतं की गाडी कुठेतरी आहे. कोणाच्या कपाटात, पेटीत, ट्रंकेत. शोधली की सापडेल. पण गाडी सापडून उपयोग नव्हता. तिच्या हातचा होता तो रंग, आणि रंग कुठे लपवून ठेवता येत नाही. तो पुसून चिंध्यांबरोबर कचऱ्यात गेला असणार.

बऱ्याच वेळाने तो उठला. वेझाली सुटले होते. खोक्याला हवा लागू न देणारा माणूस गाडी रंग काढायच्या बरणीत बुडवणार नाही. उरले दोघं.

त्याने नक्कल उलटी केली, सुई घेतली आणि पोटाखाली, दिसणार नाही अशा ठिकाणी, लाल रंग खरवडला. खाली गुलाबी अस्तर निघालं.

सगळे लोक लालच्या खाली राखाडी देतात, नाहीतर पांढरं. गुलाबी फक्त आफ्रा द्यायची, लाल आतून तापल्यासारखा दिसावा म्हणून. हे तिने नेव्हिओलाही सांगितलं नव्हतं. एकाच माणसाला शिकवलं होतं.

५

मिरेल्लाने दार उघडलं आणि त्याच्या हातातली गाडी पाहून बाजूला झाली. तिच्या स्वयंपाकघरात प्रदर्शनासाठीच्या टेबलक्लॉथच्या घड्या पडल्या होत्या.

"तू रंगवलीस," एर्मेस म्हणाला.

"हो."

"आणि मला म्हणालीस लाकूड फुगलं."

"दुसरं काय म्हणणार होते?" ती घड्या बाजूला सारून बसली. "ऐकून घे आधी. नेव्हिओ इस्टरच्या सुमारास आला. हातात कोरी बॉडी. म्हणाला, आफ्राच्या गाडीचा जुना जादा ओतीव सांगाडा माझ्याकडे पडून होता, हा तिच्या लाल रंगात करून दे, एर्मेसला आफ्राच्या वाढदिवसाला भेट देऊ. कोणाला बोलू नकोस. मी महिनाभर खपले त्यावर. आयुष्यात इतकं चांगलं काम मी केलं नव्हतं. मग भेटीचा दिवस आला आणि गेला. त्याला विचारलं तर म्हणाला, एर्मेस अजून सावरला नाही, थांबू."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी तू कपाटातून माझी गाडी काढलीस." ती गाडीकडे बघत नव्हती. "माझी मी ओळखणार नाही? त्या क्षणी कळलं. बोलले असते तर तू पुढचा प्रश्न विचारला असतास, की तिची कुठे आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आणि जे उत्तर सुचत होतं ते मला तुझ्यासमोर उच्चारायचं नव्हतं."

"आरसा सैल होता?"

"मी पाहिलंच नाही रे. नेव्हिओ म्हणाला सैल आहे, मी दिली. नेव्हिओ आहे तो. त्याला कोण आरसा तपासून देतं?"

एर्मेस दाराकडे वळला.

"शिव्या तरी दे मला," मिरेल्ला म्हणाली.

"रंग चांगला दिलायस," तो म्हणाला. "त्या रंगाने मला फसवलंच होतं."

६

नेव्हिओने नाकारलं नाही. एर्मेसने रेषांचं सांगितलं, गुलाबी अस्तराचं सांगितलं, आणि तो उठला, त्याने मागच्या फळीवरचं फडकं बाजूला केलं.

कोऱ्या रेझिनची गाडी. ना चाकं, ना आसनं, ना आरसे. नुसता पिवळट, उघडा आकार.

"बघ तरी," नेव्हिओ म्हणाला. "खांद्यावरून मागे जाणारी ही रेघ बघ. एक अख्खा हिवाळा गेला होता या रेघेत. हे मी केलंय. असं मी पुन्हा करू शकत नाही." त्याने हात पुढे केले. ते थरथरत होते, थोडे, सतत. "डॉक्टर म्हणतात, हे वाढत जाणार. नमुना पुरात गेला. माझ्या हातचं जगात एवढंच उरलं होतं, आणि ते लाल रंगाखाली होतं. पाटीवर काय लिहिलंय? आफ्रा मालागोली. लोक काचेला नाक लावून म्हणतात, काय लाल आहे. आकार कोणाचा, हे एक माणूस विचारत नाही."

"मला सांगायचंस. पाटी बदलली असती."

"तुझी बायको जाऊन तेव्हा चार महिने झाले होते आणि मी येऊन म्हणायचं, पाटीवर माझं नाव घाल?"

एर्मेसने त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"हिचीच चाकं, आसनं नकलेला बसवून ती कपाटात ठेवली," नेव्हिओ म्हणाला. "मिरेल्लाचा रंग, आफ्राचाच म्हण. तुला काय कमी पडलं होतं? तू कधी गाडी बनवली नाहीस, तुला कळेल असं वाटलं नाही. आणि रंगच तर होता, एर्मेस. रंग उतरतो, पुन्हा चढतो. तीच म्हणायची. धुळीचा एक कण दिसला की गाडी रंग उतरवायला ब्रेक ऑइलच्या बरणीत. हीच गाडी तिने तीनदा धुतली, तुझ्यासमोर."

"बरणी मीच धरायचो."

"मग?"

"तिसऱ्यांदा धुतली तेव्हा चौथ्यांदा रंगवायला ती होती."

नेव्हिओ स्टुलावर बसला. हे त्याच्या खरंच डोक्यात आलं नव्हतं, असं एर्मेसला दिसलं. तीस वर्षं या माणसाने गाड्या धुतल्या होत्या, धुवायला दिल्या होत्या, आणि दरवेळी त्या नव्या रंगाने परत आल्या होत्या.

"विचार न करता बुडवली मी," नेव्हिओ हळूच म्हणाला. "नेहमीसारखी."

एर्मेसने कोरी गाडी उचलली. नेव्हिओने हात पुढे केला, मग मागे घेतला. दोघांपैकी कोणीच ती माझी आहे असं म्हणालं नाही. एर्मेसने ती फडक्यात गुंडाळली आणि नेली.

रविवारी प्रदर्शन झालं. आफ्राच्या नावाच्या टेबलावर नक्कल मांडली होती. पाटी एर्मेसने स्वतः लिहिली: आकार नेव्हिओ रीगी, रंग मिरेल्ला कावाझ्झुती. वेझाली पाटी वाचून त्याच्याकडे आले आणि म्हणाले, "मालागोली, आता गाडीसाठी मी विचारणार नाही." नेव्हिओ आला नाही. पोलिसांत जायचं का, असं क्लबच्या अध्यक्षांनी विचारलं. एर्मेस म्हणाला, काय लिहून देऊ, रंग हरवला?

कोरी गाडी आता आफ्राच्या टेबलावर आहे. रंग उतरवताना नेव्हिओचा ब्रश सगळीकडे पोहोचला नाही. उजव्या मागच्या चाकाच्या कमानीत, आतल्या कोपऱ्यात, आफ्राचा नखाएवढा लाल राहिला आहे. मिरेल्लाने तो पाहिला. ती गाडी रंगवून देणार आहे, गुलाबी अस्तरापासून, आफ्रा रंगवायची तशी. पण जुना रंग पुरता घासून काढल्याशिवाय नवा धरत नाही, असं ती म्हणाली, आणि घासायचा कागद टेबलावर ठेवून गेली.

ते घासायचं अजून व्हायचं आहे.